भिजलेला नकाशा

जुनी ऐतिहासिक कादंबरी हाती आली, की मी तिचे पहिले प्रकरण लगेच उघडीत नाही. आधी पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला कोठे घडी घातलेला नकाशा चिकटवलेला आहे काय, ते पाहतो. असला, तर तो जपून उलगडतो आणि टेबलावर पसरतो. पिवळसर पडलेला कागद, त्यावर केसासारख्या बारीक रेघांनी काढलेले किनारे, सुरवंटासारखे दिसणारे डोंगर, आणि या सर्वांमधून वाट काढीत गेलेली एक रेघ! ती रेघ म्हणजे कथेतील नायकाचा प्रवास. तिच्यावरून बोट फिरवताना मला अजूनही बारा वर्षांचे झाल्यासारखे वाटते. आणि थोडी लाजही वाटते. असे का होते, ते सांगण्यासाठी मला तुम्हांला अलिबागच्या समुद्रकिनाऱ्यावर न्यावे लागेल.

ही १९७२ सालची गोष्ट आहे. मी तेव्हा सातवीत होतो. शनिवारी आमची शाळा सकाळची असे, आणि त्या दिवशीचा शेवटचा तास इंग्रजीचा असे. आमचे इंग्रजीचे सर त्या तासाला पाठ्यपुस्तक मिटून ठेवीत आणि एखादी मोठी इंग्रजी कादंबरी मराठीतून सांगत. त्या वर्षी त्यांनी रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या स्कॉटिश लेखकाची ‘किडनॅप्ड’ ही कादंबरी सांगावयास घेतली होती. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीची एक जुनी प्रत सरांनी मुंबईला फुटपाथवरच्या पुस्तकांच्या ढिगातून मिळवली होती. तिचा पुठ्ठा झिजला होता, कडा वाळवीने कुरतडल्या होत्या. पण तिच्यातील नकाशा मात्र शाबूत होता.

गोष्ट अशी होती. डेव्हिड बाल्फोर नावाचा सतरा वर्षांचा मुलगा. आईवडिलांचे छत्र हरपल्यावर तो आपल्या काकाकडे येतो. काका कंजूष आणि कपटी. पुतण्याच्या हक्काचे घरदार आपल्यालाच राहावे, म्हणून तो रात्रीच्या काळोखात डेव्हिडला एका मनोऱ्याचा जिना चढून जाण्यास सांगतो. डेव्हिड चाचपडत चढत असतो, इतक्यात वीज चमकते, आणि त्याला दिसते, की तो जिना अर्धवटच बांधलेला आहे. पुढे पाऊल टाकले असते, तर तो थेट खाली कोसळला असता. तो डाव फसल्यावर काका त्याला फसवून एका जहाजावर नेतो. जहाजाचा कप्तान त्याला कोंडून ठेवतो. बेत असा, की दूर अमेरिकेत नेऊन या पोराला विकून टाकावे. पण जहाज स्कॉटलंडला उत्तरेकडून वळसा घालून पश्चिम किनाऱ्याशी येते आणि खडकांवर आपटून फुटते. डेव्हिडला धड पोहता येत नाही. एका लाकडाच्या आधाराने पाय मारीत मारीत तो कसाबसा किनाऱ्याला लागतो. उजाडल्यावर पाहतो, तो चहूंकडे पाणी! आपण एका ओसाड बेटावर आहोत, हे त्याच्या ध्यानात येते.

“समोर मल नावाचे मोठे बेट दिसते आहे,” सर म्हणाले, “तेथे घरांतून धूर निघताना दिसतो आहे. मध्ये पाण्याचा एक पट्टा आहे, ओढ्याएवढा. पण डेव्हिडला तो ओलांडता येत नाही. तो शंख-शिंपल्यांतले प्राणी कच्चेच खातो, पावसात भिजतो, थंडीने कुडकुडतो. असा एक दिवस जातो, दोन दिवस जातात, तीन जातात. चौथ्या दिवशी त्याची सुटका होते. कशी होते, ते पुढच्या शनिवारी.”

आणि घंटा झाली!

तुम्ही कल्पना करू शकाल, आमची काय अवस्था झाली असेल. बाकीची मुले चुटपुटत घरी गेली. मी मात्र सरांच्या मागोमाग शिक्षकांच्या खोलीपर्यंत गेलो आणि विचारले, “सर, तो नकाशा मला एक दिवस मिळेल का? मी त्यावरून नक्कल काढून घेईन.”

सरांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. मग पुस्तक माझ्या हाती देत ते म्हणाले, “सोमवारी परत आण, नाहीतर पुढच्या शनिवारी आणलेस तरी चालेल. पण दोन गोष्टी ध्यानात ठेव. घड्यांवर कागद कुजला आहे, तेव्हा नकाशा हळूच उघड. आणि पुस्तक घराबाहेर नेऊ नकोस.”

मी दोन्ही गोष्टी कबूल केल्या.

त्या काळी नक्कल काढण्याची आमची एक युक्ती असे. साध्या पातळ कागदाला खोबरेल तेल चोळून तो उन्हात वाळवायचा, म्हणजे तो अर्धपारदर्शक होई. मग तो चित्रावर ठेवून पेन्सिलीने रेघा गिरवायच्या. मी असा कागद तयार केला. परंतु नकाशा उलगडताच नक्कल काढणे विसरून गेलो. स्कॉटलंडचा तो किनारा म्हणजे जणू उंदरांनी कुरतडलेली भाकरीच! जागोजागी समुद्र आत घुसलेला, जागोजागी बेटे विखुरलेली. पूर्व किनाऱ्यावरून निघालेली जहाजाची रेघ उत्तरेकडे चढली होती, वळसा घालून पश्चिमेला उतरली होती आणि मल बेटाच्या नैर्ऋत्य टोकाशी थांबली होती. तेथून पुढे डेव्हिडची पायवाट सुरू होत होती. या नकाशाच्या शीर्षकातच एक गंमत होती. डेव्हिड हा लेखकानेच निर्माण केलेला मुलगा. पण नकाशात मात्र ‘त्याच्या भटकंतीचा संभवनीय मार्ग’ अशा अर्थाचे शब्द होते! जणू काय लेखकालाही तो मार्ग खात्रीने ठाऊक नव्हता. कोणी इतिहाससंशोधक जुन्या कागदपत्रांवरून अंदाज बांधतो, तसा त्यानेही तो बांधला होता.

मी पुनःपुन्हा त्या टोकाकडे पाहू लागलो. एरेड हे ते लहानसे बेट मलला जवळजवळ चिकटून होते. मग पुढची रेघ त्या बेटावरून मलवर गेली कशी? नाव आली म्हणावी, तर सर ‘ओढ्याएवढे पाणी’ का म्हणाले? तो पोहायला शिकला असेल काय? रात्रभर तो प्रश्न माझ्या डोक्यात घोळत राहिला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मार्गशीर्ष शुद्ध द्वादशी. दत्तजयंती दोन-तीन दिवसांवर आली होती. आमच्या अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात कुलाबा किल्ला उभा आहे. शिवाजी महाराजांच्या अखेरच्या काळात त्याचे काम सुरू झाले आणि संभाजी महाराजांच्या काळात ते पुरे झाले. पुढे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आरमाराचे ते मोठे ठाणे होते. भरतीच्या वेळी हा किल्ला पाण्याने वेढलेला असतो. ओहोटीला मात्र वाळू आणि खडक उघडे पडतात आणि माणसे चालत किल्ल्यात जातात. माझ्या मनात आले, की बेटावर अडकलेल्या माणसाला काय वाटत असेल, ते किल्ल्याच्या तटावर बसून पाहावे, आणि नकाशा समोर ठेवून डेव्हिडच्या सुटकेचे कोडे सोडवावे. पुस्तक घराबाहेर न्यावयाचे नव्हते. म्हणून मी पुस्तक नेले नाही. नकाशाची चिकटवलेली कडा सुटलीच होती. ती किंचित ओढली आणि नकाशा तेवढा सदऱ्याच्या आत ठेवला. ‘पुस्तक’ नेऊ नकोस, असे सर म्हणाले होते. नकाशाबद्दल कोठे काय म्हणाले होते? मनुष्य आज्ञा मोडतो, तेव्हा तिच्या शब्दांचा कीस काढण्यात तो किती हुशार होतो, हे मी त्या दिवशी शिकलो.

तीन वाजण्याच्या सुमारास पूर्ण ओहोटी होती. मी ओल्या वाळूवरून पाऊलखुणा उमटवीत किल्ल्यावर गेलो. आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, सिद्धिविनायकाचे मंदिर आहे. गणपतीला नमस्कार करून मी तटाच्या एका कोपऱ्यात जाऊन बसलो. नकाशा गुडघ्यांवर पसरला आणि डेव्हिडच्या पायवाटेवरून बोट फिरवू लागलो. मल ओलांडून तो मुख्य भूमीवर गेला. तेथून पर्वतांमधून, उजाड माळांवरून, नद्या उतरून पुन्हा पूर्वेकडे आला. किती दिवस चालला असेल? कोठे झोपला असेल? काय खाल्ले असेल? समोरचा समुद्र स्कॉटलंडचा झाला, अलिबागची नारळीची झाडे दिसेनाशी झाली. वेळ कसा गेला, ते मला कळले नाही.

भान आले, तेव्हा सूर्य मावळतीला टेकला होता आणि पूर्वेच्या आकाशात द्वादशीचा चंद्र बराच वर आला होता. किल्ल्यात कोणी माणूस दिसेना. मी धावत दरवाज्याशी आलो आणि जागच्या जागी थबकलो. ज्या वाळूवरून मी आलो होतो, ती वाळूच नाहीशी झाली होती. तिच्या जागी करड्या रंगाचे पाणी हळूहळू, आवाज न करता पसरत होते.

अलिबागच्या मुलाला भरती-ओहोटी कोणी शिकवावी लागत नाही, असा माझा अभिमान होता. तो अभिमान त्या पाण्यात विरघळून गेला. पलीकडच्या किनाऱ्यावर दिवे लागू लागले होते. आमच्या घरी आई देवापुढे निरांजन लावीत असेल, हे मला दिसू लागले. आणि त्या क्षणी, मित्रांनो, भीतीने पाय लटपटत असतानाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला! डेव्हिडचे बेट असेच होते! पाण्याचा तो पट्टा दिवसातून दोनदा कोरडा पडत असला पाहिजे! चार दिवस त्या मुलाने थंडीवाऱ्यात काढले, आणि ओहोटीच्या वेळी तो नुसता चालत पलीकडे जाऊ शकला असता! तो समुद्रापासून दूर वाढलेला मुलगा. त्याला हे कोठून ठाऊक असणार? मला ठाऊक होते, तरी मी अडकलो होतो. आम्हां दोघांत अधिक मूर्ख कोण, याचा निवाडा करण्यास मात्र मला वेळ नव्हता.

इतक्यात खडकांच्या बाजूने कोणीतरी हाक मारली. कालवे काढणारी एक वृद्ध कोळीण डोक्यावर टोपली घेऊन परत निघाली होती.

“काय रे पोरा, एकलाच हायस? पानी चढतंय, दिसत नाय काय तुला?”

माझ्या तोंडून शब्द फुटेना. तिने पुढे येऊन माझे मनगट धरले. “माझ्या पाठी चाल. हात सोडू नको,” एवढेच ती म्हणाली. कोठे वाळूचा उंचवटा आहे आणि कोठे खळगा आहे, हे तिच्या पावलांना पाठ होते. सरळ किनाऱ्याकडे न जाता ती वळणे घेत चालली. पाणी आधी गुडघ्यापर्यंत आले, मग मांड्यांपर्यंत, आणि एका ठिकाणी माझ्या छातीला लागले. लाट आली, की माझे पाय उचलले जात. पण तिची पकड ढिली झाली नाही.

किनाऱ्याला लागल्यावर तिने टोपली खाली ठेवली आणि मला विचारले, “साळंत जातोस ना? मग सांग, आज तिथ कंची?”

“द्वादशी, आजी.”

“बारस. बाराची पाऊणपट किती?”

“नऊ.”

“मंग नवाला भरती पुरी. त्याच्या आधी सहा तास ओहोटी पुरी. तीन वाजता आलास, तर पाचाच्या आत परत फिरायला नको? एवढं गणित येत नाय, तर साळंत करतोस काय?”

हा हिशोब तुम्हीही करून पाहा. चंद्र रोज आदल्या दिवसापेक्षा सुमारे पन्नास मिनिटे उशिरा उगवतो, आणि भरतीही त्याच्याबरोबर रोज तितकीच पुढे सरकते. आमच्या किनाऱ्यावर अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास बाराच्या आसपास पूर्ण भरती असते. म्हणून तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली, की त्या दिवशीच्या भरतीची अंदाजे वेळ निघते. चतुर्थीला सुमारे तीन, अष्टमीला सुमारे सहा, द्वादशीला सुमारे नऊ. भरतीनंतर सव्वासहा तासांच्या आसपास ओहोटी येते. ज्या आजीला अक्षरओळख नव्हती, तिच्यापाशी हे ज्ञान होते, आणि नकाशा वाचणाऱ्या माझ्यापाशी ते नव्हते.

घराच्या वाटेवर मी सदऱ्यात हात घातला. नकाशाच्या घड्या सुटून त्याचे चार तुकडे झाले होते. आणि मधल्या भागाचा, जेथे मल आणि एरेड ही बेटे होती, तेथे नुसता लगदा झाला होता.

आठवडाभर मी ते पुस्तक दप्तरात लपवून ठेवले. सोमवारी सरांनी विचारले नाही. मीही दिले नाही. मंगळवारी ठरवले, की शनिवारी पुस्तक नुसते टेबलावर ठेवून द्यावे. सर कदाचित लगेच उघडून पाहणार नाहीत. पुढे कधी पाहिले, तर नकाशा कोठे गळून पडला, हे कोणाला कळणार? बुधवारी हा बेत मला फार चांगला वाटला. गुरुवारी रात्री मला झोप आली नाही.

शनिवार उजाडला. शेवटच्या तासाला सर वर्गात आले आणि त्यांनी गोष्टीचा धागा उचलला. “सांगा पाहू,” ते म्हणाले, “डेव्हिड त्या बेटावरून कसा सुटला असेल?” कोणी म्हणाले, त्याने तराफा बांधला. कोणी म्हणाले, अंगातला सदरा फडकावून त्याने जहाज बोलावले. सर मान हलवीत राहिले. माझा हात केव्हा वर गेला, ते मला कळलेच नाही.

“सर, तो ओहोटीच्या वेळी चालत गेला. ते बेट आपल्या कुलाबा किल्ल्यासारखे होते.”

सर थक्क झाले. “बरोबर! नावेतून जाणारे कोळी त्याला हसतात, आणि त्यांच्या बोलण्यातून त्याला भरती-ओहोटीचा उलगडा होतो. पण तुला हे कसे कळले? तू पुढचे प्रकरण वाचलेस?”

“नाही, सर.”

“मग?”

वर्ग माझ्याकडे पाहत होता. खरे उत्तर द्यावयाचे, तर सगळेच सांगावे लागणार होते. खोटे उत्तर मला एकही सुचत नव्हते. मी उभ्याउभ्या सर्व सांगितले: किल्ला, भरती, आजी आणि नकाशा. सांगून झाल्यावर दप्तरातून पुस्तक काढले आणि ते चार तुकडे टेबलावर ठेवले.

सर बराच वेळ त्या तुकड्यांकडे पाहत राहिले. ते रागावले असते, तर मला बरे वाटले असते. पण ते इतकेच म्हणाले, “वाहून गेला असतास, तर मी तुझ्या आईला काय सांगितले असते?” मग थोड्या वेळाने म्हणाले, “शाळा सुटल्यावर भेट.”

मी भेटलो, तेव्हा त्यांनी मला आणखी एका नकाशाची गोष्ट सांगितली. १८८१ सालच्या उन्हाळ्यात स्टीव्हन्सन स्कॉटलंडमधील ब्रेमार या गावी राहत होता. बाहेर पाऊस पडत असे. घरात त्याचा शाळकरी सावत्र मुलगा चित्रे रंगवीत बसे, आणि स्टीव्हन्सनही त्याच्यासोबत बसे. एकदा त्याने एका काल्पनिक बेटाचा नकाशा काढला. तो पाहता पाहता त्याला झाडीतून डोकावणारी माणसे दिसू लागली, आणि त्यातून ‘ट्रेझर आयलंड’ ही जगप्रसिद्ध कादंबरी जन्माला आली. १८८३ साली ती पुस्तकरूपाने निघाली. पण छपाईसाठी प्रकाशकाकडे पाठवलेला तो मूळ नकाशा वाटेत हरवला! आता काय करावे? लेखकाने आपलेच पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचले, त्यातील प्रत्येक ठिकाणाचा उल्लेख टिपून काढला, आणि कंपास घेऊन त्या उल्लेखांना जुळेल असा नवा नकाशा मोठ्या कष्टाने तयार केला. त्याच्या वडिलांच्या कचेरीत तो नव्याने रेखाटला गेला. त्यात पाण्याचे फवारे उडवणारे देवमासे आणि शिडांची जहाजे आली. वडिलांनी त्यावर चाच्यांच्या कप्तानाची खोटी सहीदेखील ठोकून दिली! तरीही, तो दुसरा नकाशा आपल्याला कधी खरा ‘ट्रेझर आयलंड’ वाटला नाही, असे स्टीव्हन्सनने पुढे एका लेखात लिहून ठेवले आहे.

“आपलाही नकाशा गेला,” सर म्हणाले, “पण गोष्ट शिल्लक आहे. तुला शिक्षा एवढीच, की गोष्टीतून नकाशा काढावयाचा.”

त्यानंतर कित्येक शनिवार शाळा सुटल्यावर मी सरांसमोर बसलो. ते एकेक प्रकरण वाचून अर्थ सांगत आणि मी वहीत टिपून घेई: येथे रात्र पडली, येथे नदी उतरले, येथून डोंगर उजव्या हाताला राहिला. शाळेच्या ॲटलासमधून ब्रिटिश बेटांचा किनारा मी उतरून घेतला. ग्लेन्कोचे खोरे, रॅनॉखचा उघडा माळ, आणि पहारा असल्यामुळे ओलांडता न आलेला स्टर्लिंगचा पूल, ही सर्व ठिकाणे मला ॲटलासमध्ये सापडत गेली, तेव्हा झालेला आनंद काय सांगू! कल्पनेतला मुलगा खऱ्या जमिनीवरून चालला होता. सरांनी सांगितले, की लेखकाला ही भूमी परकी नव्हती. स्टीव्हन्सनचे घराणे दीपगृहे बांधणाऱ्या अभियंत्यांचे होते. त्याच्या वडिलांच्या देखरेखीखाली भर समुद्रातल्या एका खडकावर दीपगृह उभे राहत होते; त्याचे किनाऱ्यावरील ठाणे या एरेड बेटावरच होते, आणि १८७० साली तरुण स्टीव्हन्सन तेथे राहून आला होता.

एकदा मात्र मी अडखळलो. जहाज फुटले, ते टॉरन नावाच्या खडकांवर. आणि गोष्टीत तर ते खडक एरेडला अगदी लगटून असल्यासारखे वाटत होते. सर हसले आणि त्यांनी पुस्तकाचे अगदी पहिले पान काढले. एका मित्राला उद्देशून लिहिलेल्या त्या अर्पणपत्रिकेत लेखकाने स्वतःच दोन गोष्टी मान्य केल्या होत्या. टॉरनचे खडक त्याने एरेडच्या जवळ सरकवले होते; आणि कादंबरीत येणारी ॲपिन येथील खुनाची घटना, जी इतिहासात १७५२ साली घडली, ती त्याने एक वर्ष अलीकडे, १७५१ मध्ये आणली होती.

“म्हणजे लेखक खोटे बोलला, सर?” मी विचारले.

“त्याने बदल केला,” सर म्हणाले, “आणि पहिल्याच पानावर तसे सांगून टाकले. बदल करून तो उघड सांगणे, ही कल्पना. तो लपवून ठेवणे, ही लबाडी. तू त्या शनिवारी पुस्तक नुसते टेबलावर ठेवून गेला असतास, तर मला नकाशाचे तितके दुःख झाले नसते.”

माझा बुधवारचा बेत मी त्यांना कधीच सांगितला नव्हता. तो त्यांना कसा कळला, हे मला आजतागायत उमगलेले नाही.

नकाशा पुरा झाला, तेव्हा उन्हाळा लागला होता. सरांनी तो नीट तपासला. मल आणि एरेड यांच्यामधल्या पाण्यावर मी बारीक अक्षरांत एक ओळ लिहिली होती: ‘ओहोटीला येथून चालत जाता येते. तिथी पाहून निघावे.’ मूळ नकाशात ती ओळ नव्हती. मला वाटले, सर ती खोडावयास सांगतील. त्यांनी ती दोनदा वाचली. मग कणकेची खळ मागवून त्यांनी नकाशाची कडा पुस्तकाला चिकटवली आणि त्याची काळजीपूर्वक घडी घातली.

त्यानंतर मी शिक्षक झालो, मुख्याध्यापक झालो, सेवानिवृत्तही झालो. मुख्याध्यापक झालो त्या वर्षी टपालाने एक पुडके आले. आत तेच पुस्तक होते. सरांनी सोबत चिठ्ठी लिहिली नव्हती. मी नकाशा उलगडला. माझ्या बालपणीच्या अक्षरांतील त्या ओळीखाली लाल शाईने, परीक्षेच्या पेपरवर करतात तशी, बरोबरची खूण केलेली होती.

आता कोणत्याही गावाचा रस्ता हातातल्या फोनवर क्षणात दिसतो, आणि भरती-ओहोटीच्या वेळाही त्यावर पाहता येतात. हे चांगलेच आहे. तुम्ही ते अवश्य वापरा. पण अजूनही मी कुलाबा किल्ल्याकडे निघालो, की आधी तिथीची पाऊणपट करतो, आणि मग खडकांवर कोणी कालवे काढीत असेल, तर जवळ जाऊन विचारतो, “आजी, पाणी केव्हा चढेल?”